घरातलं कासव: सांगली-साताऱ्याकडून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा, वाई या पट्ट्यातले कासव पाळणारे आणि पाळू पाहणारे लोक हे प्रश्न सतत विचारतात. उत्तरं आपल्याकडच्या हवा-पाण्याला धरून दिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथं फक्त प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. कासव तर नुसतं बसून असतं. ते पाळण्यात आनंद तो काय?

त्याच्याजवळ रोज दहा मिनिटं बसलात तर आठवड्याभरात हा प्रश्न उरणार नाही. सकाळचं ऊन टाकीवर आलं की कासव फरशीवर चढतं, पाणी निथळू देतं, मान पूर्ण बाहेर काढतं आणि मागचे दोन्ही पाय मागं ताणून हवेत धरतं. बोटांमधले पातळ पडदे पसरलेले असतात, कारण जितकी कातडी उन्हात येईल तितकी ऊब जास्त मिळते. हळूहळू डोळे मिटतात आणि गळ्याखालची कातडी तेवढी संथ हलत राहते. मध्येच कावळा ओरडला की एक डोळा उघडतो, अंदाज घेतो आणि पुन्हा मिटतो.

पाण्यात जास्वंदीचं फूल टाकून बघा. ते आधी मान लांब करून फुलाभोवती एक फेरी मारतं. मग पाकळीचा एक लचका तोडतं. कासवाला दात नसतात, जबड्याची कडाच धारदार असते. तुकडा मोठा असला तर तो तोंडात धरून ते पुढच्या पायाच्या नखांनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ओढून फाडतं. एक फूल संपायला बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ घरातली माणसं टाकीभोवती उभी राहतात. ज्यांना कासवात रस नाही असं म्हणायचे ते आजोबासुद्धा.

शिवाय सोबत लांबची असते. नीट सांभाळलं तर चौथीतल्या मुलानं नाव ठेवलेलं कासव त्याच्या लग्नातही घरात असतं. ते भुंकत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही, केस गाळत नाही. ज्याला प्राणी कुशीत घ्यायची हौस आहे त्यानं मात्र दुसरा विचार करावा. कासवाचं सुख बघण्यात आहे, हाताळण्यात नाही (प्रश्न ९ पाहा).

२. माशांच्या दुकानात मिळतं ते हिरवं पिल्लू कुठल्या जातीचं? ते पाळलेलं कायद्यानं चालतं का?

डोळ्यामागं लाल पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, पाण्यात राहून उन्हाला बाहेर येणारं कासव. ते भारतातलं नसल्यामुळं आपल्या देशी कासवांना लागू असलेली पाळण्याची बंदी त्याला लागत नाही. आपल्याकडं घराघरात दिसणारं कासव बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून खालची बहुतेक उत्तरंही त्याच्याविषयीच आहेत.

माझं मत विचाराल तर नवीन पिल्लू विकत घेऊ नका. मोठं झालं म्हणून कुणाला तरी नकोसं झालेलं कासव प्रत्येक गावात असतंच. ते घरी आणा. त्याचा स्वभाव, खाणं, आकार सगळं आधीच समोर दिसतं आणि एका जिवाची सोय होते.

३. आम्हाला जमिनीवर चालणारं, पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव हवं आहे. कुठं मिळेल?

कुठंही नाही, आणि कुणी देतो म्हणालं तरी घ्यायचं नाही. स्टार कासव भारतातलं वन्य कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्टार कासव येतं. ते घरात सापडलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद होऊ शकते. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून त्याच्या जागतिक व्यापारालाही बंदी झाली, कारण चोरटी विक्री प्रचंड होती. पोत्यात, बॅगेत कोंबून नेलेली ही कासवं वाटेतच मरतात. एक विकत घेतलं की मागं किती मेली याचा हिशेब कुणी सांगत नाही.

जमिनीवरची विदेशी कासवं, म्हणजे आफ्रिकेचं सुल्काटा किंवा दक्षिण अमेरिकेचं रेड फुटेड, पाळता येतात. पण जमिनीवरच्या कासवांचं अख्खं कुळच साइट्सच्या यादीत आहे. त्यामुळं २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी लागते. कासव दुसऱ्याला दिलं, ते मेलं किंवा त्याला पिल्लं झाली तरी तीही नोंद करावी लागते. विकणारा नोंदणीची कागदं दाखवत नसेल तर तिथून सरळ बाहेर पडा. आणि सुल्काटा घेताना अंगण मोजून घ्या. ते ४० किलोच्या वर जातं आणि बीळ खणतं.

४. स्लायडर किती मोठं होतं? दुकानदार म्हणाला एवढंच राहतं.

एवढंच राहत नाही. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पाठ साधारण ३ सेंटीमीटर असते. मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत जाते, नर २० च्या आसपास थांबतो. आयुष्य २० ते ४० वर्षं. लहान भांड्यात ठेवलं की लहान राहतं हा समज फार घातकी आहे. अपुऱ्या जागेत आणि उन्हावाचून वाढलेल्या कासवाचं कवच वाकडं होतं, हाडं मऊ राहतात आणि ते लवकर जातं.

५. टाकी केवढी लागते? सध्या घमेल्यात ठेवलं आहे.

घमेलं पिल्लाला चार दिवस चालेल. ढोबळ हिशेब असा की पाठीच्या प्रत्येक इंचाला ४० लिटर पाणी. म्हणजे वाढलेल्या मादीला ४०० लिटर. काचेची एवढी टाकी महाग पडते आणि जड होते. त्यापेक्षा आपल्याकडं परसात किंवा गच्चीवर सिमेंटचा हौद बांधणं उत्तम. गच्चीवर बांधण्याआधी स्लॅबला वजन पेलेल का हे मिस्त्रीला विचारा, पाण्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही.

नव्या हौदात लगेच कासव सोडू नका. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि डोळ्यांना, कातडीला चावतो. हौद भरायचा, चार-पाच दिवस ठेवायचा, रिकामा करायचा, असं काही वेळा करा. पाणी कासवाच्या पाठीच्या लांबीच्या दुप्पट तरी खोल हवं, म्हणजे उलटं झालं तर ते सरळ होऊ शकतं. बाहेर यायला कडाप्पाची फरशी तिरकी टेकवा, खरबरीत बाजू वर. गुळगुळीत बाजूवरून ते घसरतं. हौदाच्या कडेला वर आतल्या बाजूनं चार बोटं ओठ काढून घ्या, नाहीतर ते चढून बाहेर पडतं. चढण्यात कासव किती तरबेज असतं हे हौद बांधल्यावरच कळतं. वरून जाळी हवीच. घार, कावळा, मांजर, मुंगूस यांतलं कुणीही पिल्लू उचलू शकतं.

६. खिडकीतून भरपूर ऊन येतं. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. कासवाला कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या यूव्ही-बी किरणांनी बनतं. हे किरण काच अडवते. ऊब मिळते, पण हाडांच्या कामाचं काही मिळत नाही. म्हणून उघडं ऊन द्या, किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्ही-बी दिवा लावा. दिवा पेटत राहिला तरी त्यातले हे किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, म्हणून तो वेळेवर बदला.

उन्हाळ्यात उलटी काळजी. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. टबातलं थोडं पाणी दुपारी बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. अशी कासवं दर उन्हाळ्यात मरतात आणि प्रत्येक मरण टळण्यासारखं असतं. त्या दिवसांत सकाळी आठ-साडेआठचं ऊन द्या आणि हौदाचा निम्मा भाग कायम सावलीत ठेवा. ऊन हवं की सावली, हे कासवाला ठरवू द्या.

७. खायला काय द्यायचं? आमचं कासव भडंगसुद्धा खातं.

खाईल, पण भडंग, भात, पोळी, बिस्कीट, ब्रेड यातलं काही देऊ नका. मीठ, तेल, मसाला आणि पीठ पचवायला ते बनलेलं नाही. दूध तर अजिबात नाही.

पिल्लू मांसाहारी अंगाचं असतं. कासवाचं तयार खाद्य, गांडूळ, बारीक ताजा मासा त्याला चालतो. वाढलं की पाला जास्त हवा. मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेलं गाजर, लाल भोपळा, दुधी हे सगळं आपल्या मंडईत मिळतं आणि स्वस्त आहे. पालक कधीतरी, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. सुकट लोक हौसेनं घालतात, पण ती खारवलेली असते आणि नुसत्या सुकटीवर कासव जगत नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. एका वेळी त्याच्या डोक्याएवढं तयार खाद्य पुरतं.

कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा तरंगत सोडा. त्याच्या पाठीची कडक पट्टी आधी काढून टाका. कासव येता-जाता कुरतडत राहतं आणि तो कुरतडण्याचा आवाज शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतो. मला तो फार आवडतो.

आणखी एक. स्लायडरला पाण्याबाहेर गिळता येत नाही. घास कोरड्यावर दिला तरी ते तो घेऊन पाण्यात जातं. त्यामुळं खाणं पाण्यातच द्या.

८. पाण्याला वास येतो. किती वेळा बदलायचं?

वास बहुतेक उरलेल्या खाण्याचा असतो. खाण्यासाठी वेगळा टब ठेवा. अर्ध्या तासानं कासव परत हौदात. एवढ्यानं निम्मा त्रास संपतो. फिल्टर असलेल्या मोठ्या टाकीत आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, छोट्या टबात एक दिवसाआड सगळं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवून वापरा. काढलेलं पाणी गुलाब, जास्वंद, नारळाला घाला, झाडं जोमानं येतात. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मेथीला मात्र नको (प्रश्न १० पाहा).

९. कासव माणसाला ओळखतं का?

खाऊ घालणाऱ्याला ओळखतं. पावलांची धमक लागली किंवा खाद्याचा डबा दिसला की काचेशी येऊन पाय मारायला लागतं. नवीन माणूस आला तर धप्पकन पाण्यात. काही महिन्यांनी ते तुमच्यासमोर उन्हात झोपू लागतं. घाबरट प्राण्यानं तुमच्यासमोर मान बाहेर टाकून झोपणं हा मोठा विश्वास आहे.

मांडीवर घेतलेलं त्याला आवडत नाही. उचललं की पाय झाडतं कारण त्याला पडण्याची भीती असते. कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात सांधलेला आहे आणि स्पर्श त्याला कळतो. काही कासवांना पाठीवरून मऊ ब्रश फिरवला की ती मागचा भाग डुलवतात. तुमचं त्यातलं असेल तर रोज ब्रश फिरवा, नसेल तर सोडून द्या.

१०. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. कासव ठेवू का?

मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत थांबा. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. कासव तंदुरुस्त दिसतं तरीही. लहान मुलं पिल्लू तोंडात घालत आणि आजारी पडत, म्हणून अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकण्यावर बंदी आली. घरात आधीच कासव असेल तर हात लावल्यावर साबणानं धुणं हा नियम सगळ्यांना आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाही. गरोदर बाई आणि आजारी म्हातारी माणसं यांनी पाण्याला हात लावू नये.

११. साताऱ्यात डिसेंबरपासून कासव खात नाही, हलत नाही. आजारी आहे का?

थंडीनं मंदावलं असण्याची शक्यता जास्त. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी २० अंशांखाली गेलं की पचन जवळजवळ थांबतं. अशा वेळी बळंच खाऊ घालू नका, पोटातलं अन्न कुजतं. पाणी २४ ते २८ अंशांवर राहील असा हीटर बसवा. दोन-चार दिवसांत भूक परत येते. महाबळेश्वर-पाचगणीला हीटर हवाच, सांगलीत थंडीतल्या काही रात्रींपुरता. पिल्लाला आणि आजारी कासवाला थंडीत तसंच ठेवणं धोक्याचं. ऊब देऊनही खात नसेल तर प्रश्न १२.

१२. पाठीची सालं निघताहेत / डोळे सुजलेत / तिरकं पोहतंय. काय करू?

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पाठीवरचे तुकडे पातळ, पारदर्शक, एकेक करून सुटत असतील आणि खाली नवीन चकचकीत कवच असेल तर ती वाढ आहे. ओढून काढू नका. जागा मऊ लागत असेल, वास येत असेल, खाली पांढरट-लालसर दिसत असेल तर कवच कुजतंय. खोबरेल तेल लावू नका, त्यानं आत ओल कोंडते.

डोळे सुजणं बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं किंवा घाण पाण्यानं होतं. एका अंगावर कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. यात एक दिवसही घालवू नका.

गावातले बरेच पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, म्हणून कासव बघता का हे आधी फोन करून विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करता येईल. माणसांची औषधं अंदाजानं देऊ नका.

१३. नर की मादी?

पाच इंचांच्या आत नक्की कळत नाही. पुढं नराच्या पुढच्या पायांची नखं लांब आणि शेपूट जाड होते. मादीसमोर तो ती नखं तिच्या गालांजवळ थरथरवतो, ते बघण्यासारखं असतं. गंमत अशी की लिंग अंड्याच्या उबेवर ठरतं. अंडं गरम राहिलं तर मादी, थोडं थंड राहिलं तर नर.

१४. आमची मादी एकटी आहे, तरी तिनं अंडी घातली. कसं शक्य आहे?

कोंबडीसारखंच. नर नसतानाही अंडी होतात, त्यातून पिल्लू निघत नाही. महत्त्वाचं हे की तिला खणायला ओली माती किंवा वाळू हवी, वीतभर तरी खोल. ती मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते आणि त्यात जीव जाऊ शकतो. मादी अस्वस्थ फिरत असेल, खाणं सोडलं असेल, मागच्या पायांनी फरशी खरवडत असेल तर आजच वाळूचं घमेलं ठेवा.

१५. एकटं कंटाळतं का? जोडीला दुसरं आणू?

नाही. कासवाला सोबतीची गरज नसते. दोघं छोट्या जागेत चावाचावी करतात. मासे सोडलेत तर ते खाणंच समजा.

१६. दहा दिवस गावाला जायचं आहे.

मोठं निरोगी कासव दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतं. दहा दिवसांसाठी शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि खाद्य पुड्यांमध्ये मोजून ठेवा, कारण प्रेमानं लोक चौपट घालतात.

१७. आम्ही गावभागात राहतो. पूर आला तर कासवाचं काय? ते तर पोहतंच.

पोहतं, म्हणूनच वाहून जातं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना पाणी किती झपाट्यानं चढतं हे सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पाणी चाळिशीकडं सरकू लागलं की कासवाचा डबा भरा. झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट, झाकणाला भोकं, तळाला ओला टॉवेल. प्रवासात पाणी भरायचं नाही, हिंदकळून ते बुडतं-आपटतं. ओल्या टॉवेलात मोठं कासव एक-दोन दिवस आरामात राहतं, रोज थोडा वेळ टबात पाणी द्यायचं. प्रत्येक कासव वेगळ्या क्रेटमध्ये. विश्रामबागेत किंवा उंचावरच्या कुठल्याही नातेवाइकाकडं ठेवायची बोलणी पावसाळ्याआधीच करून ठेवा.

पूर ओसरल्यावर गल्लीत, गटारात कासव सापडलं तर ते बहुधा नदीतलं देशी कासव असतं. घरात नेऊ नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१८. मोठं झालं, आता सांभाळवत नाही. माहुलीला किंवा सांगलीच्या घाटावर कृष्णेत सोडलं तर पुण्यच ना?

नाही, त्यानं नदीचं नुकसान होतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा बळकावतं, सोबत रोगही नेतं. कृष्णेची स्वतःची मऊ पाठीची कासवं आधीच वाळूउपसा आणि शिकारीनं हैराण आहेत. देवळाच्या कुंडात सोडणंही तसंच. मोठा हौद असलेला माणूस शोधा, नात्यात विचारा, शाळेत विचारा, वन विभागाशी बोला. वेळ लागेल, पण मिळतो.

१९. वीस नखांचं कासव घरात असलं की पैसा येतो म्हणतात. एकानं देऊ केलंय.

नखांचा आणि पैशांचा काही संबंध नाही. या एका अफवेपायी देशी कासवं नदी-विहिरीतून चोरली जातात, त्यांची नखं मोजली जातात, वजनं केली जातात आणि पूजेच्या नावाखाली ती मारली जातात. देणारा आणि घेणारा दोघेही वन्यजीव कायद्याखाली अडकतात, शिवाय महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण वाकून नमस्कार करतो. त्याच कासवाचा जिवंत भाऊबंद पोत्यात घालून विकणाऱ्याची तक्रार करायला कचरू नका. क्रमांक प्रश्न १७ मध्ये दिला आहे.

२०. आमच्या शेतातल्या विहिरीत आजोबांच्या काळापासून कासव आहे. ते पाळलेलं धरायचं का? आता विहीर बुजवायची आहे.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची आपल्याकडं जुनी रीत होती. विहिरीतलं कासव बहुतेक वेळा देशी, मऊ कातडीच्या पाठीचं असतं. मागचे पाय आत घेतले की पोटाकडचे कातडी पडदे त्यांच्यावर मिटतात, ही त्याची खूण. हे पहिल्या अनुसूचीतलं वन्य कासव आहे. तुमच्या तीन पिढ्यांनी बघितलं तरी ते तुमच्या मालकीचं होत नाही, आणि तसंच राहू दिलं तर त्यात कुणाचाही दोष नाही. त्याला चपातीचे तुकडे टाकू नका. काठावर बसून बघा. श्वास घ्यायला नळीसारखं लांब नाक पाण्याबाहेर येतं, क्षणभर थांबतं आणि खाली जातं.

विहीर बुजवायची असेल तर मोटार लावून पाणी उपसायच्या आधी १९२६ वर फोन करा. स्वतः पकडून ओढ्यात सोडू नका, घरी हौदात तर नकोच. वन विभागाची माणसं येऊन ते काढतात आणि योग्य पाण्यात सोडतात. पाणी कमी झालं की कासव गाळात रुतून बसतं आणि वरून मुरूम पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही, म्हणून जेसीबीची तारीख ठरवायच्या आधी हा फोन करा.